लग्नाआधी या गोळ्या कशाला?

“ताई, चेडवाचा अजून लगीन जावक नाय, नि डॉक्टरांनी ह्यो गोळयो दिल्यानी! लोकांका काय सांगतलय? नि उद्या तिका पोर झाला नाय तर?” मालवणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या आईने पिशवीतून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर उलटं ठेवलं, वरचं नाव दिसू नये म्हणून.

मुलगी कॉलेजात. पाळी नऊ-दहा दिवस चालायची, गाठी पडायच्या, तासाभरात पॅड भिजायचं. हिमोग्लोबिन ८. बायकांमध्ये ते निदान १२ तरी हवं. डॉक्टरांनी तपासण्या करून लोहाबरोबर या गोळ्या दिल्या होत्या. मुलीला विचारूनच मी आईशी बोलले.

पाकीट सुलटं करून दाखवलं. २८ गोळ्या. २१ संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. त्या सात दिवसांत पाळी येते. संप्रेरकांमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं, म्हणून रक्त कमी जातं, कळाही कमी होतात. पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडात पाळी महिनोन्‌महिने येत नाही आणि अस्तर साचत जातं, तिथेही याच गोळ्या देतात. काही वर्षं घेतल्यास अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो, आणि गोळ्या थांबवल्यावरही तो फायदा अनेक वर्षं टिकतो. हे आपल्या बायकांना कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मूल होण्याची ताकद या गोळ्यांनी जात नाही. थांबवल्या की बहुधा काही महिन्यांत शरीर पूर्ववत होतं.

सुरुवातीला मळमळ होईल, मधेच डाग पडतील. पण पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठायचा. रक्ताच्या गुठळीचा धोका थोडासा असतोच. डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्यांना या गोळ्या चालत नाहीत.

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “माका पण लय जाता. मगे ह्योच गोळयो मिया घेव काय?”

वय चव्वेचाळीस, रक्तदाब वाढलेला. मी स्पष्ट नाही म्हटलं. या वयात पाळीत जास्त जायला लागलं तर आधी तपासणी हवी, आणि रक्तदाब असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेली ही गोळी नकोच. तिच्यासाठी संप्रेरकाची तांबीसारखी साधनंही आहेत, गर्भाशयात बसवतात, त्यात इस्ट्रोजेन नसतं. तपासून डॉक्टर ठरवतील. मी दोघींच्या नावाने एकाच दिवसाची चिठ्ठी लिहून दिली.