सीटी साफ, मग एमआरआय कशाला?

प्रश्न : गेल्या महिन्यात बाबांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. यवतमाळला सीटी स्कॅन साफ आला, तरी लगेच ‘डिफ्युजन’ एमआरआय करायला लावला. गरज होती का?
– एक वाचक, ता. घाटंजी

उत्तर : होती. असा हात लुळा पडणं हे पक्षाघाताचं लक्षण असू शकतं. सीटीत मेंदूतला रक्तस्राव लगेच दिसतो; गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटलेला मेंदूचा भाग पहिल्या तासांत बहुधा दिसत नाही. तिथल्या पेशी सुजतात, पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, म्हणून डिफ्युजनमध्ये ती जागा पांढरी चमकते. एडीसी नकाशावर, म्हणजे त्याच तपासणीत पाण्याची हालचाल मोजून काढलेल्या चित्रावर, तीच जागा काळी हवी; तिथेही पांढरी असेल तर डाग बहुधा जुना. एमआरआय यंत्रात मोठं चुंबक असतं, म्हणून करदोट्यातला ताईत, खिशातली चुन्याची डबी आधी काढा. पेसमेकर असल्यास सांगाच. मात्र गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देतात. एमआरआयच्या रांगेपायी ते कधीही लांबवू नका.