वादग्रस्त खाणकंपनीला विद्यापीठातील कॅम्पस मुलाखतींपासून रोखण्याची विद्यार्थ्यांची मागणी कितपत परिणामकारक ठरते?

अशी मागणी परिणामकारक ठरू शकते, परंतु घोषणांपूर्वी कागद हाती असावेत. २००७ च्या सुमारास काही आयआयटींमध्ये विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांनी डाऊ केमिकलच्या भरतीला विरोध केला, तेव्हा १९८४ च्या भोपाळ वायुकांडाशी निगडित युनियन कार्बाइड ही कंपनी डाऊने २००१ मध्ये विकत घेतली आहे, हा त्यांचा मुद्दा नोंदींवर उभा होता.

गोव्यात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा डिचोली आणि सांगे भागांत अंगणात उभ्या राहिलेल्या खनिजवाहू ट्रकांचे बँकेचे हप्ते थकले. त्या ट्रकमालकाचा मुलगा आणि शेतात खाणीचा गाळ उतरलेल्या शेतकऱ्याची मुलगी एकाच वर्गात बसतात, आणि हे लक्षात न घेता काढलेला मोर्चा पहिल्याच दिवशी फुटतो (निवडणुकीच्या तोंडावर तर हमखास).

म्हणून विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून, कंपनीशी झालेल्या सामंजस्य कराराची प्रत आणि मिळालेल्या देणग्यांचा तपशील मागावा. उत्तर साधारणतः ३० दिवसांत द्यावे लागते. व्यापारी गुपिताचे कारण पुढे करून नकार आल्यास प्रथम अपील करावे, कारण व्यापक जनहित असल्यास अशी माहितीही देता येते. मुलाखतींवर सरसकट बंदी मागण्यापेक्षा, कंपनीवरील खटले आणि दंड प्लेसमेंटच्या सूचनेतच छापावेत, ही मागणी मला अधिक पदरात पडणारी वाटते.