रिपोर्ट टाइप करते, पण मेंदू कुठे कळतोय!

प्रश्न: ताई, मी घणसोलीला राहते, ठाण्यात एका एमआरआय सेंटरवर डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. शिक्षण बीकॉम. दिवसभर 'लेफ्ट एमसीए टेरिटरी इन्फार्क्ट' असलं टाइप करते पण ते डोक्यात नेमकं कुठे, काही कळत नाही. मेंदूच्या ॲनाटॉमीचा छोटा कोर्स करायचाय. ७ दिवसांत सर्टिफिकेट अशी जाहिरात बघितली, ८ हजार मागतायत. करू का?

उत्तर: अगं ते ८ हजार ठेव जवळ. त्या कागदावर कोणी तुला टेक्निशियन करणार नाही, त्याचं शिक्षण वेगळं असतं, आणि तुला तर नुसतं समजून घ्यायचंय ना. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर ड्यूक युनिव्हर्सिटीचा 'मेडिकल न्यूरोसायन्स' बघ, त्यात खरा मेंदू समोर ठेवून शिकवतात. कोर्स छोटा अजिबात नाही हां, पण तू ॲनाटॉमीपुरता बघ, बाकी सोडून दे. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवरही शोध, तिथे शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तरच फी.

सगळे सुरुवात करतात ती फ्रंटल, पराएटल वगैरे चार लोबपासून, म्हणजे मेंदूच्या मोठ्या भागांपासून. तू मात्र रक्तवाहिन्यांपासून कर, कारण तुझे रिपोर्ट त्याच भाषेत असतात. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोहोचल्याने मेलेला भाग, टेरिटरी म्हणजे एका रक्तवाहिनीचा इलाका. एमसीए म्हणजे मिडल सेरेब्रल आर्टरी, ती मेंदूच्या बाहेरच्या अंगाला रक्त पुरवते आणि चेहरा नि हात हलवणारा भाग तिथेच. पायाचा भाग मधल्या फटीत आत, तो अँटिरिअर म्हणजे पुढच्या आर्टरीकडे, आणि मागचा दृष्टीचा पोस्टिरिअर म्हणजे मागच्या आर्टरीकडे. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून डावी एमसीए बंद पडली की उजवा हात लुळा, तोंड वाकडं, पाय त्यामानाने बरा, आणि बऱ्याचदा वाचाही जाते, कारण पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये दाखवलेला बोलण्याचा भाग बहुतेकांचा डावीकडेच असतो. एवढं डोक्यात बसलं ना की निम्मे रिपोर्ट वाचता येतील. आणि फिल्मवर पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला दिसते, तेव्हा लेफ्ट-राइटची शंका आली तर स्वतःच्या मनाने काही बदलू नको, डॉक्टरांनाच विचार.

घरी चालत असेल तर मटणवाल्याकडून अख्खा भेजा आण, कवटी जपून फोड म्हणावं, नाहीतर नुसता चेंदामेंदा मिळतो. वळ्या, मधली फट, लहान मेंदू सगळं दिसतं. फक्त बकऱ्याचा वासाचा भाग मोठा असतो आणि लहान मेंदू मागे, आपला मोठ्या मेंदूच्या खाली दडलेला.