वाचक विचारतात : कुत्रा, बाग आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा गावठी कुत्रा एप्रिल लागल्यापासून वाफे उकरतोय. मोगऱ्याची मुळं उघडी पडली. रागावलं की तेवढ्यापुरता थांबतो. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी तो कधी उकरतो ते पाहा. ऐन दुपारी, नुकतंच पाणी घातलेला वाफा उकरून त्यात पोट टेकून बसत असेल, तर त्याला गारवा हवाय. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. पारा ४२ च्या वर गेला की धापा टाकणं आणि गार जमीन शोधणं, एवढंच त्याच्या हातात उरतं. रागावून हे सुटणार नाही. त्याला त्याचा खड्डा द्या. कडुनिंबाखाली किंवा भिंतीच्या पूर्वेला ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि फूटभर खोल खणा. निघालेली काळी माती परत त्यात घालू नका. ती ओली झाली की बोटांच्या बेचक्यांत चिकटून वाळते, कुत्रा चाटत बसतो आणि तिथे बुरशी धरते. तळाला ३ इंच मुरूम आणि वर धुतलेली वाळू भरा. सकाळी एक बादली पाणी शिंपडा, दुपारी अर्धी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे जिवावर येईल, पण भाजी धुतलेलं पाणीही चालतं, साबणाचं नको. सुरुवातीला वाळूत त्याचा चेंडू पुरून ठेवा, जागा आपोआप त्याची होते. मोगऱ्याच्या बुंध्याभोवती दीड फुटापर्यंत खुराड्याला लावतात ती तारेची जाळी मातीखाली २ इंचांवर अंथरा. कापलेली टोकं खाली वळवा, नाहीतर पंजा फाटेल.

वेळ कोणतीही असो, पण ठरावीक कुंडीच उकरत असेल, तर त्याला खताचा वास लागलाय. हाडांचा चुरा आणि एरंडी पेंड कुत्र्यांना खाऊ वाटतात. चुरा भरपूर खाल्ला तर पोटात त्याचा घट्ट गोळा होऊन आतडं अडू शकतं. एरंडी पेंड त्याहून वाईट: एरंडाच्या बीतलं विष पेंडीत उरलेलं असू शकतं आणि उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू व्हायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. तोवर ‘कुत्रा ठीक आहे’ असं वाटत राहतं. कुत्रा असलेल्या घरात शेणखत किंवा गांडूळखत वापरा. निंबोळी पेंड कडू असते, कुत्री सहसा तिला तोंड लावत नाहीत. तीही मातीत नीट कालवून घाला.

आणि कुंडीत थायमेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे, तरी जुन्या पुड्या घराघरांत सापडतात. लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं दिसलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. पुडी सोबत घेऊन थेट पशुवैद्याकडे जा.

प्रश्न : हिरवळीवर कुत्रीच्या लघवीचे पिवळे डाग पडतात. जेवणात खायचा सोडा घालावा असं कुणी सांगितलं.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : सोडा घालू नका. त्यातलं सोडियम तिला बाधेल आणि डाग पडायचे ते पडतीलच. गवत जळतं ते नत्र आणि क्षार एका जागी साचल्यामुळे. म्हणून डागाच्या कडेला, जिथे नत्र विरळ असतं, तिथे गवत उलट जास्त हिरवं दिसतं. मादी बसून एकाच जागी करते, त्यामुळे तिचे डाग ठळक. लघवी झाल्या झाल्या तिथे दोन-तीन तांबे पाणी ओता. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी यासाठी घेऊ नका, त्यात आधीच क्षार जास्त. पाण्याची टंचाई असेल तर कोपऱ्यात वाळूचा ४ बाय ४ फुटांचा चौकोन करून सकाळी पहिल्यांदा तिला दोरीने तिथेच न्या. जळालेल्या जागी हरळीच्या काड्या टोचा, दुसरं कुठलंही गवत आपल्या उन्हात नखरे करतं.

प्रश्न : मे महिन्यात गुहागरला नातेवाइकांच्या वाडीत आठ दिवस राहणार आहोत. कुत्र्याने समुद्र पाहिलेला नाही. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी द्या; कराडहून कुंभार्ली घाट उतरताना उलट्या हमखास होतात. जेवायला थांबाल तेव्हा काचा थोड्या उघड्या ठेवूनही त्याला गाडीत सोडू नका.

किनाऱ्यावर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच जा. तुमच्या हाताच्या पंजाचा पाठचा भाग वाळूवर सात सेकंद टेकवून बघा. सोसत नसेल तर त्याचे तळवेही भाजतील. पहिल्यांदा आलेला कुत्रा खारं पाणी पितोच आणि मग उलट्या-जुलाब होतात, म्हणून लिटरभर गोडं पाणी न्या आणि दर पंधरा मिनिटांनी पाजा. परतल्यावर विहिरीच्या पाण्याने अंघोळ घाला, कान कोरडे करा. जाळ्यातून फेकलेले मासे हुंगू देऊ नका: मेलेल्या केंडात (फुगणारा मासा) विष असतंच, आणि पाकट या चपट्या माशाच्या शेपटीला काटा असतो.

वाडीत खरी भीती फुरसं या विषारी सापाची. जांभ्या दगडांचे गडगे, नारळाच्या झावळ्यांचे ढीग या त्याच्या जागा. अंधार पडल्यावर कुत्रा दोरीवर आणि हातात बॅटरी. चावलंच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. त्याला चालवू नका, उचलून न्या. आपल्याकडची सर्पदंशावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते, पण ती प्रत्येक दवाखान्यात नसते. पोचल्याच दिवशी चिपळूण-गुहागर भागात ती कुठे मिळेल ते विचारून ठेवा.

प्रश्न : कुंपणाला कण्हेर आहे. तोडावी का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : घरात वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर तोडा. ते समोर येईल ते चावतं आणि कण्हेरीचं वाळलेलं पानही हृदयाचे ठोके बिघडवतं. मोठा, झाडं न चावणारा कुत्रा असेल तर जाळीचं कुंपण पुरे. तोडलेल्या फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो. जागी जास्वंद लावा. पिवळी बिट्टी असेल तर तिची पडलेली फळं रोज उचला.