आधी कान, मग फुंक

विश्रामबाग, सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोललं की अर्धं विसरतं, म्हणून लिहूनच देतोय. हा कागद ट्रॉम्बोनच्या पेटीत ठेव.

तुझं म्हणणं असं की रोज पहाटे दोन तास कृष्णेच्या घाटावर वाजवतोस, तरी वरचे सूर निसटतात. लग्नसराईत दोन वराती लागोपाठ झाल्या की ओठ बधिर होतात. आणि पोलीस बँडच्या भरतीत एकट्याने उभं राहून वाजवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मेहनतीत तू कमी नाहीस. पण तू पेटी उघडतोस, माऊथपीस लावतोस आणि पहिल्याच फुंकीला वरातीतलं गाणं सुरू करतोस. त्या दिवशी तुझं ऐकलं तेव्हा हेच खटकलं. ओठ जागे नाहीत, दमसास बसलेला नाही, कान तर अजून अंथरुणातच आहे, आणि तू वरच्या पट्टीत शिरलास. मग सूर हातात येत नाही म्हणून डाव्या हाताने वाद्य तोंडावर दाबायचं, आणि वरच्या ओठाचं रक्त थांबलं की तो थरथरायचाच बंद होतो. बधिरपणा येतो तो तिथून.

पहिली गोष्ट, घाट सोड. नदीकाठी आवाज निघून जातो, परत येत नाही. स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून माणूस नकळत जोर लावतो. वरातीच्या रस्त्यावर तुला तेच करावं लागतं, रियाजातही तेच केलंस तर तुझा खरा आवाज तुला कधी कळणारच नाही. बंद खोलीत बस, भिंतीपासून चार-पाच हातांवर, भोंगा भिंतीकडे करून. शेजाऱ्यांची काळजी करू नकोस. मी सांगतोय ते इतकं हळू आहे की कुणी तक्रार करणार नाही.

सुरुवात वाद्याशिवाय. उभा राहा, खांदे सैल सोड. चार मात्रांत श्वास आत, चार मात्रांत बाहेर, मध्ये कुठे अडवायचं नाही. मग सहा, मग आठ. श्वास घेताना खांदे वर चढले तर तो श्वास वरवरचा. पोट आणि बरगड्या बाजूंनी फुगल्या पाहिजेत. लष्करी बँडमध्ये आणि नंतर पचमढीला शिकत असताना ही तीन मिनिटं चुकवायची मुभा कुणालाच नव्हती, मोठ्या वादकांनासुद्धा. नंतर नुसत्या माऊथपीसवर ओठांची भणभण, एक-दोन मिनिटं, एखादी सोपी ओळ. सूर नीट लागतोय का एवढंच बघ. त्याहून जास्त वेळ नुसत्या माऊथपीसवर घालवणारे पुष्कळ पाहिलेत, त्यात मला फायदा दिसला नाही.

आता लांब सूर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

तुझा ट्रॉम्बोन काळी पाचचा, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराचा. स्लाईड, म्हणजे सरकती नळी, पूर्ण आत ती पहिली जागा, आणि बाहेर काढत गेलं की दुसरी ते सातवी, दर जागेला अर्धा सूर खाली. पहिल्या जागेवर नुसते ओठ बदलून कोणते सूर निघतात ते आठव. काळी पाचला सा धर. अगदी तळाचा खर्जाचा सा, मग सा, प, सा, ग, प, नंतर एक उतरलेला कोमल निषाद, आणि वर पुन्हा सा. हे सूर कुणी ठरवून बसवलेले नाहीत, नळीतली हवा ते आपणहून देते. आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला दूर जायला नको. मिरजेत तंतुवाद्यांच्या कुठल्याही दुकानात जा आणि जवारी नीट काढलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडायला सांग. थोडं शांत बसून ऐकलंस की त्या एका तारेतून गंधार उमटलेला ऐकू येईल. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तुझ्या पहिल्या जागेवरचा वरचा ग तोच आहे. तळाच्या सुरापासून मोजत गेलं की असे आपणहून निघणारे सूर म्हणजे स्वरांश. तारेचा पाचवा स्वरांश आणि नळीचा पाचवा स्वरांश, एकच नातं.

आता हा ग हार्मोनियमच्या किंवा कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. तू म्हणालास ना, कीबोर्डवाला 'तुझा ग खाली आहे' म्हणून ओरडतो? तो त्याच्या जागी बरोबर आहे. पण तुझं वाद्य बिघडलेलं नाही आणि तुझे ओठही नाहीत. तानपुऱ्याशी वाजवशील तेव्हा तोच ग दुधात साखर विरघळावी तसा मिसळेल. कीबोर्डसोबत वाजवताना तो चौथ्या जागेवर घे, तिथे तो जवळजवळ बरोबर बसतो. कोमल निषादाचंही असंच. सातवा स्वरांश इतका उतरलेला असतो की पहिल्या जागेवर तो वापरताच येत नाही. वरचा ध दुसऱ्या जागेवर घेतोस तोही सातवाच स्वरांश, म्हणून तिथे स्लाईड नेहमीच्या दुसऱ्या जागेपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर आत हवी. हे कोष्टक पाठ करून येत नाही. कानाला ग आणि ध कसे हवेत ते आधी माहीत पाहिजे, हात आपोआप तिथे थांबतो. ट्रॉम्बोनला ना पडदे, ना व्हॉल्व्ह. सूर नेमका कुठे आहे हे तुला कानाशिवाय कोण सांगणार?

तेव्हा मोबाईलवर तानपुरा लाव, काळी पाच, सा-पचा. लहान आवाजात. आणि मधल्या सा वर स्थिर हो. आठ मात्रा, जितकं हळू जमेल तितकं हळू. सुरुवात जिभेच्या ठोक्याने नको, नुसत्या हवेने सूर उमटू दे. हळू वाजवणं जोरात वाजवण्यापेक्षा अवघड आहे. जोरात कुणीही वाजवतं, हळू वाजवताना ओठ खोटं बोलू शकत नाहीत. सूर थरथरला तर पुन्हा. मग सा वरून दुसऱ्या जागेवर अर्धा सूर खाली ये आणि परत सा. मग सा वरून तिसऱ्या जागेवर आणि परत. असं करत सातव्या जागेपर्यंत, प्रत्येक वेळी सा ला परतून. ही पद्धत एमरी रेमिंग्टन यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात १९२२ पासून १९७१ पर्यंत त्यांनी ट्रॉम्बोन शिकवला. आपल्याकडे गवयाचा खर्जाचा रियाज सकाळीच का असतो हे ज्याला कळलं, त्याला रेमिंग्टनही कळतील.

स्लाईडच्या जागा सारख्या अंतरावर नसतात, हे लक्षात ठेव. पहिल्या-दुसऱ्यात आठ सेंटीमीटरच्या आसपास अंतर, तर सहाव्या-सातव्यात जवळजवळ अकरा. नळी लांबत जाते तसा प्रत्येक अर्ध्या सुराला जास्त लांबी लागते. तुझी सहावी जागा नेहमी आखूड पडते, त्याचं कारण हेच. हात सवयीने सारखंच अंतर मोजतो.

लांब सुरांनंतर ओठांच्या घसरणी. स्लाईड न हलवता सा-प-सा, मग प-सा-प, मग सा-ग-सा. जीभ न मारता. मग तेच दुसऱ्या जागेवर, तिसऱ्या जागेवर. वर जाताना वाद्य तोंडावर दाबलंस तर थांब आणि पुन्हा खालून सुरू कर. डाव्या हाताने फक्त वजन तोलायचं, तो हात कधीही ओढणारा होऊ नये. शेवटी थोडी जीभ, 'त'ने आणि मग 'द'ने, एकाच सुरावर. झालं. सगळं मिळून वीस मिनिटं, आणि त्यातला बराच वेळ वाद्य मांडीवर. जितका वेळ वाजवलंस तितका वेळ थांबायचं, हा नियम मोडू नकोस.

हे झालं की ओठ तयार असतात. आता नेमका रियाज. तू गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवतोस, चुकलं की परत सुरुवातीपासून. म्हणजे जे येतं ते दहा वेळा होतं आणि जे येत नाही ते दहा वेळा चुकतं. हात काय शिकतो? चूकच शिकतो.

एक उदाहरण घेऊ. खालच्या सप्तकात सा-रे. मधल्या सप्तकात रे तिसऱ्या जागेवर मिळतो, सोपं काम. खाली मात्र सा पहिल्या जागेवर आणि रे थेट सहाव्या जागेवर, जवळजवळ दीड फूट हात टाकावा लागतो. तुझा गोंधळ मी जवळून बघितला. तू सा संपायच्या आत स्लाईड हलवतोस, म्हणून मध्ये घसरा ऐकू येतो. तो लपवायला तू हवा कमी करतोस, आणि रे येतो तेव्हा त्यात दमच नसतो. शिवाय हात अख्खा खांद्यापासून फेकतोस, त्यामुळे स्लाईड सहाव्यावर धडकते आणि माऊथपीस ओठावर हलतं.

मग एवढंच घे. आजचा रियाज म्हणजे फक्त सा-रे. आधी वाद्य बाजूला ठेवून गा. तुझ्या आवाजात सा-रे नीट आला नाही तर ट्रॉम्बोनमध्येही येणार नाही. मग वाद्य न फुंकता नुसता हात हलव. अंगठा आणि दोन बोटं, मनगट सैल, कोपर उघडतं आणि मनगट शेवटचं अंतर संपवतं. मग लय साठवर, म्हणजे मिनिटाला साठ मात्रांवर, लावून सा पूर्ण चार मात्रा धर, हवा अजिबात न थांबवता, आणि पाचव्या मात्रेच्या ठोक्यावरच हात टाक. जीभ 'द' म्हणेल, हवा मात्र एकच अखंड धार. रे ला पोचलास की तानपुऱ्याशी ऐक. खाली आहे? वर? हात सरकव, जागा शोध, डोळ्याने नको. लागोपाठ तीनदा बरोबर आलं की थांब. तिसऱ्यांदा चुकलं तर लय पन्नासवर आण. पाच मिनिटं झाली की ओठ काढ, पाणी पी, मग दुसरं काहीतरी घे. संध्याकाळी पुन्हा तेच सा-रे, आणखी पाच मिनिटं. मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि लगेच ऐक. वाजवताना जे ऐकू येत नाही ते रेकॉर्डिंगमध्ये येतं.

एक वही ठेव. त्यात तासांचा हिशेब लिहू नकोस. 'खालचा रे आखूड, लय ५४, हवा तुटते' असं लिही. उद्या काय करायचं ते आजच ठरलेलं असेल.

सराईचं वेगळं. तुळशीचं लग्न झालं की तुला श्वास घ्यायला फुरसत नसते, ते मला ठाऊक आहे. वराती निघण्याआधी टेम्पोत बसून दहा मिनिटं खालचे सूर, हळू. हिवाळ्याच्या रात्री वाद्य थंड असतं आणि सूर उतरतो, म्हणून आधी आतून गरम हवा फुंक आणि मगच ट्यूनिंग लाव. एप्रिलच्या उन्हात उलट, वाद्यातली हवा तापते आणि सूर चढतो. वरात संपल्यावर लगेच पेटी बंद करू नकोस, दोन मिनिटं तळाचे खर्जाचे सूर सैल ओठांनी वाजव, सूज कमी राहते. आणि ओठ सुजलेल्या सकाळी रियाज म्हणजे श्वास, गाणं आणि नुसता हात. माऊथपीस लावायचं नाही. मालक रागावला तरी चालेल, ओठ तुझे आहेत.

स्लाईडला खोबरेल लावतोस ते बंद. ते घट्ट होतं, धूळ धरतं. कोमट पाण्याने नळ्या धू, आतून कापडाने पूस, स्लाईडचं क्रीम अगदी थोडं आणि वर पाण्याचा फवारा. जड स्लाईडवर सा-रे कुणालाच जमत नाही.

भरतीची एवढी धास्ती घेऊ नकोस. समोर बसलेल्याला पहिल्या सुरातच कळतं की वाजवणारा ऐकतोय की नुसता फुंकतोय. मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं, एकदा तिथे रात्रभर बस. गवई एका सुरावर किती वेळ थांबतो आणि घाई न करता पुढच्याकडे कसा सरकतो ते बघ. तुझ्या लांब सुरांना कशाची वाट पाहायची असते ते तिथे कळेल. माझ्याकडे ट्रॉम्बोनच्या धड्यांचं एक जुनं पुस्तक आहे, एका इटालियन गायनशिक्षकाने गवयांसाठी लिहिलेल्या स्वरपाठांवरून ते केलेलं आहे. पुढच्या महिन्यात त्यातला पहिला धडा घेऊ, पण आधी तू तो गायचास.

रविवारी दुपारी ये. सा-रेचं रेकॉर्डिंग शनिवारपर्यंत पाठव, चुकलेलं असलं तरी. येताना स्लाईड धुऊन आण, आणि वही विसरू नकोस. तुझ्या आईला सांग, जेवण इकडेच.

तुझा,
काका