वाचक विचारतात: पालथा झोपवलेला रुग्ण, ऑपरेशनआधीचं पाणी आणि ट्रायलचं संमतीपत्र

मोठ्या रुग्णालयांत गेल्या काही वर्षांत बदललेल्या उपचारपद्धतींबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत. उत्तरांत पद्धतीमागची कारणं आहेत. तुमच्या रुग्णाला त्यातलं काय लागू पडतं, हे त्याला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील.

प्रश्न: आईला न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर तिला पालथं झोपवलेलं, चेहरा सुजलेला. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला पालथं कसं झोपवतात?

फुप्फुसाचा मोठा भाग पाठीच्या बाजूला असतो. रुग्ण उताणा असला की हृदयाचं वजन आणि पोटातल्या अवयवांचा दाब नेमका त्या भागावर येतो. त्यात फुप्फुस सुजून पाण्याने जड झालेलं असेल तर ते स्वतःच्याच वजनाने दबतं. रक्त मात्र पाठीकडच्या भागातच जास्त वाहत असतं. म्हणजे जिथे रक्त आहे तिथे हवा पोचत नाही, आणि ऑक्सिजन कितीही वाढवला तरी फारसा उपयोग होत नाही. पालथं केल्यावर तो दबलेला भाग उघडतो. रक्ताचा ओघ तेव्हाही बराचसा पाठीकडेच राहतो, त्यामुळे हवा आणि रक्त यांची गाठ पडते.

ही कल्पना जुनी आहे, पण थोडा वेळ पालथं ठेवून काही साधत नव्हतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधल्या आयसीयूंमध्ये झालेल्या चाचणीत, फुप्फुसं सुजून पाण्याने भरण्याच्या आजाराच्या (एआरडीएस) अतिगंभीर रुग्णांना एका वेळी सलग किमान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण उताण्या रुग्णांत ३२.८ टक्के होतं, पालथ्यांत १६ टक्के. एवढा फरक पाडणारं औषध या आजारात अजून हाती लागलेलं नाही.

पालथं करायला साधारण पाच माणसं लागतात. डोक्याशी उभा असलेला माणूस फक्त श्वासनळीतली नळी धरतो आणि तोच आकडे मोजतो. बाकीचे त्याच्या शब्दावर हलतात. त्याआधी नाकातल्या नळीवाटे जाणारा आहार थांबवतात, डोळे मिटून चिकटपट्टी लावतात आणि सलाइनच्या नळ्या पुरेशा लांब आहेत ना, हे बघतात. सगळ्यात मोठी भीती नळी निसटण्याची असते. त्याखालोखाल गाल, हनुवटी आणि कपाळावर दाबाने होणाऱ्या जखमांची. म्हणून दर दोन ते चार तासांनी मान दुसऱ्या बाजूला वळवतात. चेहरा खाली राहिल्याने सूज येते. उताणं केल्यावर ती उतरते. बघायला भयंकर वाटतं, पण ती आजार वाढल्याची खूण नव्हे.

याच पत्रात व्हेंटिलेटर ‘इतकी कमी हवा’ का देतो, असंही विचारलं आहे. पूर्वी एका श्वासाला भरपूर हवा देत. त्याने फुप्फुसाचा शाबूत भागच ताणून फाटायचा. २००० साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं, की किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. हे किलो काट्यावरचे नसतात, ते उंचीवरून काढतात. पुरुषासाठी ५० मध्ये १५२.४ सेंटिमीटरच्या वरच्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.९१ मिळवायचे, स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५ पासून सुरुवात. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं उत्तर ६६ किलो येतं, म्हणजे एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर. त्याचं खरं वजन १०० किलो असलं तरी तेवढेच, कारण चरबी वाढते तसं फुप्फुस वाढत नाही. उंची अंदाजाने लिहिली की पुढचं सगळं गणित चुकतं. म्हणून आडव्या रुग्णाची उंची टेपने मोजणारी सिस्टर दिसली तर ती वेळ घालवत नाहीये.

प्रश्न: एका रुग्णालयात रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही म्हणाले. दुसरीकडे ऑपरेशनच्या दोन तास आधी मुद्दाम गोड पेय प्यायला दिलं. खरं काय?

दुसरं. भूल दिल्यावर गिळण्याची आणि ठसक्याची क्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरतं. १९४६ साली अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ मेंडेल्सन यांनी बाळंतिणींमध्ये हे दाखवून दिलं आणि उपाशी ठेवण्याला भक्कम आधार मिळाला. पण पोट रिकामं होण्याचा वेग पदार्थावर अवलंबून असतो. पाणी भराभर पुढे सरकतं, तेलकट जेवण तासन्‌तास राहतं. म्हणून आज सर्वमान्य हिशेब असा आहे: पाणी, बिनदुधाचा चहा, गर नसलेला गाळीव रस २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, दूध आणि हलका आहार ६ तास, तळलेलं किंवा मांसाहार ८ तास. मुलांना साधं पाणी १ तास आधीपर्यंत चालतं, असं आता अनेक ठिकाणी मानतात. दुधाचा चहा ‘पाण्यासारखाच’ समजून घेतला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जाणं, ही या नियमातली ठरलेली चूक.

ते गोड पेय म्हणजे बहुधा ४०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम कर्बोदकं. ऑपरेशनचा ताण आणि उपास एकत्र आले की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, ते या पेयाने कमी होतं. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या लवकर बरं करण्याच्या पद्धतीशी याचं नातं आहे. लघवीची नळी लवकर काढणं, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवणं, अफूजन्य वेदनाशामकं कमी वापरणं ही त्याच पद्धतीची बाकीची अंगं. एकेक कलम किरकोळ वाटतं. सगळी मिळून रुग्ण काही दिवस आधी घरी जातो.

मग ‘रात्री बारा’ अजून का टिकून आहे? कारण ऑपरेशनची यादी वर-खाली होते आणि सगळ्यांना एकच सूचना देणं सोपं पडतं. सोय रुग्णालयाची होते, घसा कोरडा रुग्णाचा पडतो. तरी स्वतःच्या मनाने पाणी पिऊ नका. भूलतज्ज्ञांना विचारा: ‘माझं शेवटचं पाणी किती वाजता?’ आणि नेमकी वेळ लिहून घ्या. जुना मधुमेह, वारंवार छातीत आंबट येणं, गरोदरपण किंवा वजन कमी करण्यासाठी आठवड्याला घेतलं जाणारं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन यांपैकी काही असेल तर ते आधीच सांगा. हे इंजेक्शन पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं, त्यामुळे वरचे तास तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

प्रश्न: वडिलांवर उपचार चालू असताना ‘ट्रायलमध्ये भाग घ्याल का’ असं विचारलं आणि अकरा पानी संमतीपत्र दिलं. म्हणजे त्यांच्यावर प्रयोग करणार? नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल का?

प्रयोग आहे, हे मान्यच करायला हवं. डॉक्टर ते गोड शब्दांत झाकत असतील तर ती त्यांची चूक. पण प्रयोग या शब्दाने दचकण्याआधी तो कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा. पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर सुरक्षितता आणि मात्रा बघतात, दुसऱ्यात गुण येण्याची चिन्हं दिसतात का ते पाहतात, तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांत नवा उपचार प्रचलित उपचाराशी ताडून बघतात. पहिल्या टप्प्यातल्या औषधाने वडील बरे होतील, अशी आशा धरून सही करणं ही नातेवाइकांची सर्वांत मोठी गफलत असते. तिथे मुख्य उद्देश माहिती मिळवण्याचा असतो.

कोणाला नवा उपचार मिळणार हे संगणकाने काढलेल्या चिठ्ठीवर ठरतं. ‘आम्हाला नवंच औषध द्या’ हा आग्रह इथे चालत नाही, आणि तो चालू नये याला कारण आहे. कोविडमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. आकडे उलट्या बाजूलाच झुकत होते. त्याच चाचणीत, जगभर मागणी असलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा रुग्णालयातल्या रुग्णांना उपयोग नसल्याचं दिसलं. चिठ्ठी काढली नसती तर या दोन्ही गोष्टी नुसत्या अनुभवावरून उलगडल्या नसत्या.

दिसायला औषधासारखी पण औषध नसलेली गोळी दिली जाईल, ही भीती अनेकांनी लिहिली आहे. परिणामकारक उपचार ठाऊक असलेल्या गंभीर आजारात तो काढून घेऊन नुसती खोटी गोळी देणं नीतीला धरून नाही. बहुतेक वेळा दोन्ही गटांना नेहमीचा उपचार मिळतोच. त्यावर जोड म्हणून एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी गोळी.

अकरा पानं घरी न्या. सही त्याच खुर्चीत बसून करण्याची घाई फक्त आणीबाणीच्या उपचारात समजण्यासारखी आहे. डॉक्टरांना विचारण्याजोगं: भाग घेतला नाही तर नेमका कोणता उपचार मिळेल, जास्तीच्या तपासण्या आणि फेऱ्या किती, त्यांचा खर्च कोणाचा, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, रात्री त्रास झाला तर फोन कोणी उचलायचा, चाचणी संपल्यावर लागू पडलेलं औषध पुढे मिळणार का. या उत्तरांत टाळाटाळ झाली तर सही करू नका. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार कमी करता येत नाही. तसं सुचवलं गेलं तर संमतीपत्रावर ज्या नीतिसमितीचा पत्ता छापलेला असतो, तिथे तक्रार करा.

प्रश्न: रोबोटकडून ऑपरेशन करून घेणं जास्त चांगलं का?

रोबोट स्वतः काही करत नाही. शल्यविशारद काही फुटांवरच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. हाताची थरथर गाळली जाते आणि अवजार मनगटासारखं वळतं, त्यामुळे प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी सोय होते, रक्त कमी जातं. पण ‘नवं’ म्हणजे ‘चांगलं’ असं दर वेळी नसतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात दुर्बिणीने किंवा रोबोटने गर्भाशय काढलं, तर साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ८६ टक्के होतं. पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के. हे २०१८ साली कळलं, तोवर लहान छेदांची पद्धत सर्रास रूढ झाली होती. म्हणून यंत्राबद्दल न विचारता, हेच ऑपरेशन या डॉक्टरांनी याच पद्धतीने किती वेळा केलं आहे, ते विचारा.

प्रश्न: अर्धांगवायूत साडेचार तास उलटले की काही करता येत नाही, असं ऐकलं होतं. आता २४ तास म्हणतात?

दोन वेगळे उपचार आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१८ मधल्या दोन चाचण्यांनंतर हा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करू लागले. निवडक म्हणजे, ज्यांचा बराचसा मेंदू अजून वाचवता येण्याजोगा आहे असं स्कॅनमध्ये दिसतं ते. मोठी वाहिनी तुंबल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हा अंदाज लक्षात घेतला तर २४ तास ही सवलत नाही, हे कळेल.

घड्याळ कधी सुरू करायचं, यात हमखास चूक होते. सकाळी सहाला उठल्यावर हात लुळा दिसला तर वेळ सहाची धरत नाहीत. रात्री शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ती वेळ धरतात. ती, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची मात्रा, कागदावर लिहून सोबत न्या.

प्रश्न: आयसीयूत मानेत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग झाला असं सांगितलं. हे टाळता येतं का?

बहुतांश वेळा येतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरहून अधिक आयसीयूंनी पाच गोष्टी सक्तीच्या केल्या: हात धुणं, नळी घालताना रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर, कातडीला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली जागा टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला. २००६ साली आकडे आले: नळीच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यक (सगळ्या आयसीयूंचे आकडे ओळीने लावल्यावर मधला येतो तो) २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. नवं औषध किंवा यंत्र काहीच नव्हतं.

पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. रुग्ण तोंडाने औषधं घेऊ लागतो आणि नळी ‘असू दे, लागली तर’ म्हणून राहते. राउंडच्या वेळी रोज विचारा, ‘ही नळी आज कशासाठी लागते?’ ड्रेसिंगची कड सुटली असेल, आत रक्त किंवा ओल दिसत असेल तर ते लगेच बदलायला सांगा. औषध देण्याआधी नळीचं तोंड स्पिरिटने १५ सेकंद घासून वाळू द्यावं लागतं. एकदा नुसतं पुसून सुई लावली तर ओल्या स्पिरिटखालचे जंतू तसेच आत ढकलले जातात.