मेलेला मासा वर का येतो?

प्रश्न : आमच्या गावच्या तलावात वैशाख महिन्यात एके दिवशी सकाळी शेकडो मासे पोट वर करून तरंगताना दिसले. आदल्या रात्रीच कोणीतरी पाण्यात विष कालवले, असे गावात सर्वांनी ठरवून टाकले. माझी शंका वेगळी आहे. जिवंत मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर राहतो. मग मेल्यावर तो वरच का येतो? मेलेला मासा हलका होतो का? आणि तो उलटाच का तरंगतो?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : मेल्यामुळे माशाचे वजन कमी होत नाही, त्याचे आकारमान वाढते, आणि म्हणून तो वर येतो. मात्र हे मरणाच्या क्षणी घडत नाही, आणि गावकऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षाशी या गोष्टीचा जवळचा संबंध असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

माशाचे मांस, हाडे आणि खवले पाण्यापेक्षा जड असतात. एक किलो वजनाचा रोहू घेतला आणि त्याच्या शरीरातली हवा वगळली, तर उरलेले शरीर साधारण 930 मिलिलिटर जागा व्यापते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ते तेवढेच, म्हणजे 930 ग्रॅम पाणी बाजूला सारते. म्हणजे सुमारे 70 ग्रॅमचा भार माशाला सतत खाली ओढत असतो. हा भार तोलण्यासाठी बहुतेक माशांच्या शरीरात पाठीच्या कण्याखाली वायूने भरलेली एक पातळ पिशवी असते. शास्त्रीय मराठीत तिला वाताशय म्हणतात. मासळी साफ करताना आतड्यांजवळ पांढुरका, चकचकीत फुगा निघतो, तो हाच. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार घोळ माशाच्या या पिशवीला बोत म्हणतात आणि परदेशातील मागणीमुळे तिला इतकी किंमत येते की, 2021 मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका बोटीला मिळालेली घोळ मासळी एक कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकली गेली. गोड्या पाण्यातील माशांमध्ये वाताशय शरीराच्या सुमारे सात टक्के जागा व्यापते. समुद्राचे खारे पाणी मुळातच थोडे जड असल्याने तेथे पाच टक्के पुरते. आपल्या रोहूच्या पोटातील 70 मिलिलिटरचा फुगा त्याला ना बुडू देतो, ना तरंगू देतो.

हा तोल मात्र फार नाजूक असतो. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो आणि फुगा दाबला जाऊन निम्मा होतो, त्यामुळे माशाला खोलीप्रमाणे आतील वायू सतत कमी-जास्त करावा लागतो. रोहू, कटला, मृगळ यांचे वाताशय एका नलिकेने अन्ननलिकेला जोडलेले असते, म्हणून ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतात आणि नको असलेली हवा तोंडावाटे सोडू शकतात. चिलापीसारख्या माशांत अशी वाट उघडी नसते. त्यांच्यात वायू रक्तातून पिशवीत येतो आणि रक्तातच परत जातो. दोन्ही प्रकारांत हे काम जिवंत शरीर करत असते. मासा मेला की ते थांबते, आणि त्या क्षणी वाताशयात किती वायू होता, मासा किती खोलीवर होता, यावर तो बुडणार की तरंगणार हे ठरते. अनेक मासे प्रथम तळाला जातात, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वर येण्याची खरी प्रक्रिया तळाशी सुरू होते. माशाच्या आतड्यांत जिवाणू असतातच. मेल्यानंतर त्यांना अडवणारे काही उरत नाही आणि ते आतूनच शरीर कुजवू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. सडक्या मासळीच्या घाणीत या शेवटच्या वायूचाही वाटा असतो. कातडी आणि पोटाचे स्नायू अजून शाबूत असल्यामुळे वायू बाहेर न पडता पोटात साठतो आणि पोट फुगते. वजन तेच, पण व्यापलेली जागा अधिक, म्हणून बाजूला सारलेले पाणीही अधिक. पाण्याचा वर ढकलणारा जोर वजनापेक्षा रेसभर जरी वाढला, तरी मासा तळ सोडतो. एकदा तळ सोडला की तो मध्ये कुठे थांबत नाही, कारण जसजसा तो वर येतो तसतसा भोवतालचा दाब कमी होतो, आतील वायू आणखी प्रसरण पावतो आणि वर जाण्याचा जोर वाढतच जातो. कुजणारा मासा मधल्या पाण्यात लटकलेला सहसा दिसत नाही, तो याच कारणाने. घरी पडताळून पाहायचे असेल, तर आतडी आणि फुगा काढून स्वच्छ केलेला ताजा मासा पाण्याने भरलेल्या घमेल्यात सोडून पाहावा. तो सरळ तळाला जातो.

उलटे होण्याचे कारण माशाच्या बांध्यात आहे. पाठीकडे कणा आणि जाड स्नायू असतात, तर वायूची पिशवी आणि पोटाची पोकळी त्यांच्या खाली असते. म्हणजे जड भाग वर आणि हलका भाग खाली अशी मुळातच अस्थिर रचना असते. जिवंत मासा परांच्या बारीक हालचालींनी स्वतःला सरळ ठेवतो. ती धडपड संपली की जड पाठ खाली आणि फुगलेले पोट वर जाते. गुदमरलेला किंवा आजारी मासा जिवंतपणीही असा कलंडतो, म्हणून उलटा दिसलेला प्रत्येक मासा मेलेलाच असतो असे मानू नये.

सगळेच मासे वर येतात असेही नाही. मुशी आणि पाकट यांना वाताशय नसते, मोठ्या झालेल्या लेप माशालाही ते नसते. हे मासे मेल्यावर तळाला जातात. खोल आणि थंड पाण्यात कुजणे फार मंदावते आणि दाबामुळे वायूला फुगताच येत नाही, म्हणून तेथे बुडालेले कलेवर कधीच वर न येण्याची शक्यता असते. जिलेटीनच्या कांड्या फोडून मासे मारण्याचा जो घातकी प्रकार काही नद्यांवर चालतो, त्यात स्फोटाच्या धक्क्याने कित्येक माशांचे वाताशय फुटते आणि ते तळाशी जातात. वर गोळा केलेल्या माशांपेक्षा मेलेले मासे कितीतरी अधिक असतात. तुमच्या तलावातही तरंगणाऱ्या माशांची मोजदाद ही एकूण मृत्यूंची मोजदाद नव्हे, कारण तळाशी गेलेल्यांपैकी काहींना खेकडे, कासवे आणि इतर मासे खाऊन टाकतात.

आता विषाच्या संशयाविषयी. उथळ तलावात वैशाखाच्या कोमट पाण्यात तळाचे मासे वर यायला साधारण एक-दोन दिवस पुरतात. त्यामुळे ज्या सकाळी मासे तरंगताना दिसले, त्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर त्याच्याही आधी त्यांतील बरेचसे मेलेले असू शकतात. शिवाय उन्हाळ्यात विष न घालताही मासे सामूहिक रीतीने मरतात. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळून राहतो. 10 अंशांवर तो सुमारे 11 मिलिग्रॅम असतो. त्यात तलाव आटलेला आणि शेवाळाने हिरवा झालेला असेल, तर शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तेही तो वापरते, आणि पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत खाली जाते. मी ते पाणी पाहिलेले नाही, म्हणून विषाची शक्यता नाकारत नाही. पण केवळ मासे तरंगले म्हणून ती सिद्धही होत नाही.

पुन्हा असे झाले तर फुगलेल्या माशांपेक्षा नुकत्याच मेलेल्या माशांकडे पाहावे. त्यांचे डोळे स्वच्छ असतात आणि कल्ले अजून लाल असतात. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत हवेसाठी धडपडताना दिसले, तर पाण्याचा नमुना तेव्हाच घ्यावा आणि त्यातील प्राणवायू जागेवरच मोजून घ्यावा. मासे फुगून वर आल्यानंतर भरलेल्या बाटलीत ते मेले त्या वेळचे पाणी नसते, आणि कुजणाऱ्या माशांनी स्वतःच त्यातील प्राणवायू आणखी घटवलेला असतो.